गुडघ्याखालची पाचर

हरिपुरात माझ्या घरी हल्ली दोन तऱ्हेची माणसं येतात. एक हळदीच्या भावाचा अंदाज विचारायला, दुसरी गुडघा दाखवायला. पहिली कमी झालीत. गुडघेवाले मात्र कडेगावापासून अथणीपर्यंत कुठूनही येतात, ओसरीवर टेकतात, धोतर मांडीपर्यंत वर घेतात आणि म्हणतात, "म्हादबा, तुमचा बघू." मग मी माझा दाखवतो. उजव्या गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला, वीतभर लांब व्रण आहे. लोक त्याच्यावरून बोट फिरवतात. एकानं तर पुढ्यात नारळ ठेवला. मी तो परत केला नाही.

तीच हकीकत सांगून सांगून घसा बसला. शिवाय हौसा, म्हणजे माझी बायको, म्हणते की दर खेपेला हकीकत हातभर लांबते. म्हणून एकदाची लिहून टाकतो. लिहिताना माणूस कमी फेकतो म्हणे. बघू या.

धंदा

धंदा सांगितल्याशिवाय माझा गुडघा कळायचा नाही. आमच्याकडं हळद पेवात साठवतात. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली खोली. वरचं तोंड इतकं अरुंद की खांदे चोरून आत जावं लागतं, आणि आत गेलं की इतकी ऐसपैस की हत्ती वळवून घ्यावा. मी वळवलेला नाही, पण वळला असता. आमची माती इतकी चिवट, की वीट नाही, चुना नाही, तरी भिंती पिढ्यान् पिढ्या उभ्या.

या पेवात उतरणारा गडी मी, आणि वर दोर धरणारा दस्तगीर. आधी पेव उघडून वारं खाऊ द्यायचं, मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर आतली हवा वाईट, माणूस उतरवायचा नाही. जळत राहिला की मी. खाली उकिडवं बसून हळद पोत्यात भरायची, तोंड शिवायचं, दोराला अडकवायचं, हाळी द्यायची. वर दस्तगीर आणि त्याच्या जोडीचे गडी ओढून घेणार. सगळ्यात शेवटी मी वर येणार. दस्तगीर जन्मात कधी पेवात उतरला नाही. त्याला आतल्या काळोखाचं भ्या. आणि मी कधी दोर धरला नाही, कारण खालचं काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं असतं तर तोंडावर पांघरूण घेऊन झोपावं लागलं असतं, एवढा माझा तोरा.

उकिडवं बसणं, उठणं, पाठीवर पोतं घेऊन कलतं चालणं. याच्यावर माझी उभी हयात गेली. आणि याच्यावरच गुडघा गेला.

गुडघा

आधी नुसता कुरकुरायचा. मग बोलायला लागला. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या हंगामात तर तो असा ओरडायला लागला की शेजारच्या आळीत ऐकू जावं. उजवा पाय गुडघ्यापासून बाहेर वाकत चालला होता. मी चालत येताना माझ्या दोन पायांमधून शेळी आरपार निघून जायची. शेळीचं खरं आहे, हौसेला विचारा.

निर्गुडीचा शेक झाला. बिब्बा झाला, त्याच्या फोडांचे डाग अजून आहेत. सीमेपलीकडच्या एका हाडवैद्यानं पाय ओढून दिला, तेव्हा मी कानडीत ओरडलो, आणि मला कानडी येत नाही. गोळ्या खाल्ल्या की दुपारपर्यंत बरं, मग पुन्हा तेच. रात्री कूस बदलायची तर हौसेनं पाय उचलून पलीकडं ठेवायचा. परसाकडं जायचं तर दस्तगीर तांब्या घेऊन मागं, कारण बसलेला माणूस उठेल याचा भरवसा नाही. हे लिहायला लाज वाटते, पण गुडघेवाल्यांना हीच गोष्ट सगळ्यात आधी कळते, म्हणून लिहिलं.

एका दिवशी पेवाच्या तळाशी गुडघा जो अडकला तो सुटेचना. वर दस्तगीर हाळ्या देतोय आणि मी खाली उकिडवा, देवळातल्या कासवासारखा. शेवटी मी दोर काखेखालून घेतला आणि त्यांनी मला पोत्यासारखा वर काढला. तोंडाबाहेर आलो तेव्हा दस्तगीर म्हणाला, "म्हादबा, आता मिरजेला जायाचं. माझ्यानं असं परत वढवणार न्हाई."

आतला पांढरा माणूस

मिरजेला दवाखाने म्हणजे आमच्याकडच्या उसासारखे, जिकडं बघावं तिकडं. त्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात मला उभं करून गुडघ्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी उजेडात धरला आणि मी माझं हाड पहिल्यांदा पाहिलं.

हसू नका. एवढी वर्षं त्या हाडावर मी जग तोलून धरलं, आणि त्याची माझी ओळख नव्हती. काळ्या काचेत धुक्यासारखा एक पांढरा माणूस उभा होता. मी टोपी काढली. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मलाच काढावीशी वाटली.

डॉक्टर म्हणाले, "दोन हाडांच्या मधे गादी असते. तुमची आतल्या बाजूची गादी झिजून गेलीय. हाडावर हाड घासतंय. बाहेरची बाजू मात्र कोरी आहे."

हौसा म्हणाली, "मग बाहीरची उचलून आत घाला की."

डॉक्टर हसले नाहीत. "जवळजवळ तसंच करायचं म्हणतोय मी," ते म्हणाले, आणि त्यांनी रस्ते सांगितले. मला समजले तसे लिहितो.

एक, काहीच करायचं नाही. शेक, गोळ्या, काठी, आणि पेव सोडायचं. दुसरा, नुसती फाटकी गादी काढायची. पण ते तरण्या खेळाडूंना बरं, माझ्यात काढायला गादीच उरली नव्हती. तिसरा, गुडघा कायमचा जखडून टाकायचा. मांडीचं हाड आणि नडगी एक करायची. पाय सरळ राहणार, वजन पेलणार, दुखणं संपणार, पण वाकणार नाही तो नाही. चौथा, गुडघ्याखाली नडगीचं हाड कापायचं, बाहेरच्या अंगानं पाचर काढायची आणि पाय सरळ करायचा, म्हणजे वजन झिजलेल्या बाजूवरून कोऱ्या बाजूवर जाईल. यात गुडघा वाकता राहील. पण हाड पुन्हा जुळलं पाहिजे, आत पू होता कामा नये, आणि दुखणं पुढं परत यायचं नाही असं कुणी लिहून देणार नाही. पाचवा रस्ता परदेशात निघालाय, लोखंडाचा गुडघा. तो आपल्याकडं यायला वेळ आहे, असं डॉक्टर म्हणाले.

"चौथ्यात बिघडलं तर?" हौसेनं विचारलं.

"तर तिसरा. आत पू झाला तर मात्र काही सांगता येत नाही."

मग त्यांनी मला विचारलं, "म्हादबा, तुम्हाला पाय कशाला हवाय? वाकवायला की वजन पेलायला?"

कोयनेचा धक्का बसला त्या पहाटे मी अंथरुणावरून उडालो होतो, पण एवढा हाललो नव्हतो. पेवात उतरायला वाकता पाय लागतो. जखडला तर मी पेवातून कायमचा उठलो, आणि पेव सोडून मला काय येतं, तर गोष्टी सांगता येतात.

सुभेदार

माझ्या शेजारच्या खाटेवर वडूजकडचे एक सुभेदार होते, अंतर्गळाच्या ऑपरेशनला आलेले. त्यांचा डावा पाय लढाईत जखमी झाला होता आणि फौजेच्या डॉक्टरांनी तो गुडघ्यात जखडून टाकला होता. म्हणजे तिसरा रस्ता माझ्या शेजारीच झोपला होता. तो खाटेच्या कडेबाहेर असा यायचा की वॉर्डातली सिस्टर त्याला जकातनाक्याची दांडी म्हणायची. सिस्टर केरळची. तिचं मराठी थोडं, पण नेमकं दुखेल तिथं लागणारं.

मी सुभेदारांना विचारलं, "दुखतं का हो?"

"नामोनिशान नाही. आमच्या माळावर सकाळी निघतो, ऊन चढेस्तवर चालतो. एकदम फिट्ट."

"मग मी पण जखडून घेऊ?"

त्यांनी जखडलेला पाय हातानं खाटेवर ओढून घेतला. "लग्नकार्यात मी पंगतीला बसत नाही, ज्वान. मी वाढतो. उभ्यानं. लोक म्हणतात, सुभेदार केवढा दिलदार, सगळ्यांना वाढून मग जेवतो." आणि पुढं म्हणाले, "मग मागं एका खुर्चीवर जेवतो. एकटा."

हौसेला हे पटलं नाही. ती तिसऱ्याच रस्त्याच्या बाजूची. दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली आमचं जे भांडण झालं ते सांगलीच्या बाजारात ऐकू गेलं असणार.

"आवं, पक्कं काम हाय ते. दुखणं जाईल न्हवं? झोप लागंल मला बी."

"आन पेव?"

"पेव, पेव. तुमचा पाय रातचा उचलून कोण ठेवतं? पेव ठेवतं व्हय? हाड कापल्यावर जुळलंच न्हाई तर?"

 मी तरी डॉक्टरांना चौथा रस्ता सांगितला. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. डबा आणायची, झाकण उघडायची, भाकरीवर मीठ जास्त.

छिन्नी

ऑपरेशनच्या सकाळी कमरेत एक सुई टोचली आणि कमरेखालचा म्हादबा नाहीसा झाला. मी हात लावून पाहिलं तर मांडी दुसऱ्याच कुणाची तरी. थंडगार. मधे हिरवा पडदा बांधला. पडद्याच्या पलीकडं दिवा, डॉक्टर आणि माझा पाय. अलीकडं मी आणि माझी जीभ.

मग आवाज आला. टक्. टक्. टक्. छिन्नी आणि हातोडी. तो आवाज कानातून आला नाही, तो खालून हाडाहाडातून चढत माझ्या दातात आला. दुखत काहीच नव्हतं. मी जागा होतो आणि मला कुणीतरी खणत होतं. आम्ही माती खणतो तेव्हा मातीला असं ऐकू येत असेल का, हे त्या दिवसाआधी कधी मनात आलं नव्हतं.

"म्हादबा, बोलत राहा," पडद्याआडून डॉक्टर म्हणाले.

असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी पेवाची हकीकत सुरू केली. उतरणं, काळोख, कंदील, आणि एकदा तळाशी नाग निघाला आणि मी त्याला हळद चाटवली ते. त्या ठिकाणी छिन्नी थांबली. डॉक्टर नागासाठी थांबले, असं मी सगळीकडं सांगतो. मोजमापासाठी थांबले असतील.

शेवटी त्यांनी पाचर माझ्या डोळ्यांसमोर धरली. सुपारीच्या फाकेएवढी. एवढ्याशा तुकड्यानं मी वाकडा झालो होतो आणि एवढासा काढून ते मला सरळ करणार होते. बोलणारा माणूस मी, पण त्या वेळी माझ्या तोंडून शब्द आला नाही. साक्षीला तिथली चार माणसं आहेत.

हळद

मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर. त्याच्या आत खाज. ज्यानं प्लॅस्टरातली खाज भोगली नाही त्याला नरकाचा नुसता बाहेरचा दरवाजा माहीत आहे. सिस्टर येता-जाता प्लॅस्टरवर बोटांच्या सांध्यांनी ठोकायची, नेमकी खाजेच्या जागी. तेवढ्यानंही बरं वाटायचं. असल्या बारक्या दयेवर माणूस दवाखान्यात जगतो.

भेटायच्या वेळी दस्तगीर आला. मी म्हणालो, "आत मुंग्यांचा बाजार भरलाय गड्या."

त्यानं प्लॅस्टरच्या वरच्या काठातून आत डोकावून पाहिलं. "आत जखम हाय, आन कुणी बघत बी न्हाई, औषध बी लावत न्हाईत. ह्ये काय खरं न्हाई." त्यानं खिशातून पुडी काढली. आमच्याकडं बोट कापलं तरी हळद, डोकं फुटलं तरी हळद, बैलाचं खूर दुखलं तरी हळद. दोघांनाही क्षणभर विचार करावा असं वाटलं नाही. त्यानं सगळी पुडी काठातून आत ओतली आणि वरून फुंकर मारली. खाज थांबली असं मला वाटलं. मी त्याला दुसऱ्या दिवशी आणखी आणायला सांगितलं. त्यानं आणली.

पुढं उकाड्याचे दिवस आले, प्लॅस्टरात घाम. आणि एका सकाळी सिस्टर प्लॅस्टर पुसता पुसता थांबली. गुडघ्याशी पिवळा ओला डाग फुटला होता. तिनं नाक जवळ नेलं, काही बोलली नाही, आणि भरभर निघून गेली. डॉक्टर आले. त्यांच्या मागं आणखी दोन डॉक्टर. इंग्रजीत कुजबुज. मला एकच शब्द कळला, पस, म्हणजे पू.

हौसा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं तोंडात पदर धरला होता. दस्तगीर दारात भिंतीला टेकून उभा, चेहरा राखेसारखा. आता यातली गंमत बघा. त्याची बोटं पिवळी, नखं पिवळी, त्याचा सदरा पिवळा, माझ्या उशीला पिवळ्या हातांचे ठसे. आम्ही दोघंही त्या डागाकडं बघतोय आणि दोघांच्याही डोक्यात येत नाही. पिवळा रंग आम्हाला दिसतच नाही. माशाला पाणी दिसत असेल का?

डॉक्टर म्हणाले, "आत्ताच उघडायला हवं. जोडलेलं हाड हलण्याचा धोका आहे, पण नाइलाज आहे."

हौसा मला म्हणाली, अगदी हळू, "मी म्हनलं व्हतं." मग माझं पाऊल, प्लॅस्टरबाहेर आलेलं, दोन्ही हातांत धरून बसली. ते तिनं सोडलं नाही.

करवतीनं गुडघ्याशी चौकोनी खिडकी कापली. डॉक्टरांनी झाकण उचललं, आणि खिडकीतून पिवळा गोळा सुटून त्यांच्या पांढऱ्या कोटावर पडला. मागोमाग भुकटी.  डॉक्टरांनी बोटावर घेतलं, वास घेतला.

"हळद?"

"राजापुरी," दारातून दस्तगीर म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती, पण थोडा धंदाही होता. "एक नंबर माल हाय साहेब."

कुणीतरी हसलं. सुभेदार असणार, टाके भरले नाहीत म्हणून ते अजून तिथंच होते. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दस्तगीरला आत बोलावलं, माझी जखम दाखवली आणि शांतपणे म्हणाले, "हे टाके मिटलेत म्हणून बरं. ही भुकटी चार दिवस आधी आत गेली असती तर मी याचा पाय वाचवू शकलो नसतो. तुमची हळद बाजारात ठेवा. इथं माझं राज्य."

 "साहेब, मी त्येचा दोर धरनारा हाय," एवढंच दस्तगीर म्हणाला.

 मग डॉक्टरांनी नवा फोटो काढायला सांगितला, आणि तो आला तेव्हा माझ्या खाटेशी उजेडात धरून आम्हा तिघांना दाखवला. जिथं पाचर काढली होती तिथं काळी रेघ असायला हवी होती. त्या रेघेवर सकाळच्या धुक्यासारखं काहीतरी पांढरं चढलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"हाड. नवं. तुम्ही नुसते पडून होता, आणि ते आपलं काम करत होतं."

मी आयुष्यभर ज्या-त्या गोष्टीत फुशारकी मारली. ही एक गोष्ट मी काहीही न करता झाली, आणि तीच सगळ्यात मोठी. हौसेनं त्या काचेला नमस्कार केला. बाईनं चौथ्या रस्त्याला माफ केलं. सिस्टरनं त्यानंतर माझा पिवळा गुडघा पुसला. रंग काही गेला नाही. ती म्हणाली, "तुम लगीनवाला नवरा."

लाभ

प्लॅस्टर निघालं तेव्हा आतून जो पाय आला तो माझा नव्हता. उसाचं वाळकं कांडं. सरळ होता मात्र, ओळंबा लावून भिंत बांधावी तसा. पण वाकेना. खाटेच्या काठावर बसून तो खाली सोडायचा, वाकवायचा, पुन्हा उचलायचा, हेच काम. कुणाला ऑपरेशन सोपं वाटत असेल तर सांगतो, छिन्नी झोपून ऐकता येते, हे मात्र जागेपणी स्वतः करावं लागतं. मी रडलो. इथं काही फुगवून सांगत नाही.

घरी आल्यावर दस्तगीर रोज सकाळी यायचा. समोर बसून मोजायचा, बाजारात पोती मोजतात तशी. आमच्या बाजारात पहिल्याला एक म्हणत नाहीत. "लाभ," तो म्हणायचा, "दोन, तीन... थांबू नगं, गाडी भरायची हाय अजून." गुडघा हळूहळू वाकला. खुर्चीवर बसता यायला लागलं, मग पाटावर, पाय जरा पुढं काढून. आणि तिथं थांबला. उकिडवं बसता येईना. किती लाभ झाले तरी येईना. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "एवढा वाकला हे चांगलंच. पेवात मात्र उतरायचं नाही. वजन पेलेल तो. ते मी सांगतो."

म्हणजे मी मागितला वाकणारा, मिळाला पेलणारा. घरी येईपर्यंत मी गाडीत एक शब्द बोललो नाही. हौसेनं दोनदा माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

दोर

पुढच्या हंगामात व्यापाऱ्याचं एक पेव उघडायचं होतं. मी काठी टेकत नुसता बघायला गेलो. कंदील खाली सोडला होता, जळत होता. उतरायला मात्र कुणी नाही. माझ्या जागी ठेवलेला नवा गडी आलाच नव्हता.

दस्तगीरनं सदरा काढला. "मी उतरतो."

"तू? तुला भ्या वाटतं."

"वाटतं की." त्यानं दोराचा फास काखेखालून घेतला, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि दोराचं दुसरं टोक जोडीच्या गड्यांना न देता माझ्या हातात दिलं. "ह्यांच्याबरोबर तू बी धर. पुढं तू."

"आरं, माझा पाय."

"डाक्टर म्हनला न्हवं पेलंल म्हणून. मी व्हतो तिथं, ऐकलंय."

मी काठी टाकली. उजवा पाय पुढं घेऊन पेवाच्या तोंडाच्या कडेशी टाच रोवली. मागं दोन गडी. दस्तगीर खांदे चोरून आत गेला, एकदा वर बघितलं, आणि डोकं दिसेनासं झालं. दोर ताणला. त्याचं सगळं वजन दोरातून माझ्या तळहातात, तिथून पाठीत, आणि पाठीतून त्या पाचरीच्या जागेवर उतरलं. तिथं काय होतंय याची मी वाट बघत राहिलो. हाड गप्प होतं. गुडघा गप्प होता. एवढी वर्षं ओरडणारा तो, एक शब्द बोलला नाही.

दोर ढिला पडला. खाली पाय टेकले असावेत. मी वाकून विचारलं, "दस्तगीर, बरा हाईस न्हवं?"

 मग खोलातून त्याचा आवाज आला, हळू, देवळात बोलावं तसा.

"हितं लय मोठं हाय रं, म्हादबा. सोडू नगंस."

"न्हाई सोडत," मी म्हणालो, आणि टाच आणखी रोवली.